उंची नंतर मंजूर करा, आधी तळमजला बघा

प्रति,
वाढत्या शहरांचे नियोजनकार, वास्तुरचनाकार, विकासक आणि नकाशांवर शेवटची सही करणारे अधिकारी यांस,

नमस्कार.

मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. सव्वीस वर्षं हेच काम करतोय. तुम्ही तुमची इमारत आधी चित्रात बघता, घर घेणारा ती बाल्कनीतून बघतो आणि मी बघतो खड्ड्यातून. लिफ्टच्या सगळ्यात खालच्या थांब्याच्याही खाली एक खड्डा असतो. आम्ही त्याला पिट म्हणतो. तिथे बफर, म्हणजे केबिन फार खाली आली तर तिला झेलणारे आधार असतात, थोडं तेल सांडलेलं असतं, आणि केबिन व मजला यांच्यातल्या बोटभर फटीतून खाली पडलेलं सगळं काही असतं. किल्ल्या, सिमकार्डं, जोडीतलं एकच कानातलं, शाळेचं ओळखपत्र, श्रवणयंत्राची बटणाएवढी बॅटरी. एकदा कागदाच्या पुडीत बांधलेला दुधाचा दात सापडला होता. पिट झाडला की वर कोण राहतं ते कळतं. ऑफिसच्या लिफ्टचा पिट मात्र कंटाळवाणा. दाराची कार्डं आणि पेनांची टोपणं, बास.

गेली तीन वर्षं मी एका नव्या उंच इमारतीची देखभाल बघतोय. खाली दुकानं, त्यावर गाड्यांचे मजले, मग ऑफिसं, मग घरं. अशा इमारतीला 'मिश्र वापर' म्हणायचं, हे मी तुमच्याकडूनच शिकलो. जाहिरातीत राहणं, काम आणि खरेदी एकाच छताखाली होतं. प्रत्यक्षात लिफ्टचे तीन वेगळे गट आहेत, तीन वेगळ्या लॉबी आहेत आणि त्यांची तोंडं तीन वेगवेगळ्या बाजूंना आहेत. अलीकडेपर्यंत घरांच्या पिटमध्ये ऑफिसचं एक कार्ड सापडलं नव्हतं आणि ऑफिसच्या पिटमध्ये एक खेळणं सापडलं नव्हतं. एकोणिसाव्या मजल्यावरच्या मुलीला खालच्या दुकानातून वही आणायची असेल, तर ती लिफ्टने गाड्यांच्या तळघरात उतरते, उताराच्या कडेने बाहेर येते, इमारतीला अर्धी प्रदक्षिणा घालते आणि काचेच्या दारातून आत शिरते. दुकान तिच्या पायाखाली साठ मीटरवर आहे, पण तिथे जाणं म्हणजे दुसऱ्या गावाला जाणं. ह्याला मिश्र म्हणायचं तर एकावर एक रचलेल्या डब्यांनाही म्हणता येईल.

मी उंच इमारतींच्या विरोधात नाही. असतो तर जेवलो कुठून असतो? शहर वाढतंय, जमीन वाढत नाही, माणसांनी कामापासून दोन तास लांब राहण्यापेक्षा वर राहावं, हे मला पटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की वर जाणारी प्रत्येक गोष्ट तळमजल्यावरून जाते, आणि तुमच्या नकाशांत तळमजला सगळ्यात शेवटी ठरतो. जे कुठेच बसत नाही ते तिथे कोंबलं जातं.

आमच्या धंद्याचा इतिहास फार लांबलचक नाही. एलिशा ओटिसने दोर तुटला तरी केबिन जागच्या जागी अडकवणारी यंत्रणा १८५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर करून दाखवली. १८५७ मध्ये तिथल्याच ब्रॉडवेवरच्या एका पाच मजली दुकानात माणसांसाठीची पहिली लिफ्ट बसली. पाचच मजले! त्याआधी वरचा मजला म्हणजे गरिबाचा मजला होता. सगळ्यात जास्त जिने चढणारा सगळ्यात कमी भाडं द्यायचा. लिफ्ट आली आणि ही उतरंड उलटी झाली, वरचा मजला श्रीमंताचा झाला. म्हणजे आज तुम्ही वरच्या मजल्याला जो जादा भाव लावता, तो खरं तर आमच्या दोराचा भाव आहे.

त्याच न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल नावाची प्रचंड इमारत रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर चढली. आजूबाजूच्या रस्त्यांवर आणि इमारतींवर तिची सावली पडली. आरडाओरडा झाला आणि १९१६ मध्ये शहराने नियम केला की ठरावीक उंचीनंतर इमारतीने पायरी-पायरीने मागे सरायचं. नियम चांगलाच होता. पण तो कधी आला बघा. सावली पडल्यावर. ती इमारत आजही उभी आहे आणि तिची सावलीही. तळावर काय होणार हे आपल्याला नेहमी इमारत उभी राहिल्यावरच कळतं, आणि तोवर सगळं ओतून वाळलेलं असतं.

आता कामाचं बोलतो.

लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे तिला चालवणाऱ्या यंत्राच्या पेटीत, नोंद होत असते. किती वाजता, कुठल्या मजल्यावरून किती कॉल आले. तुम्ही लोक ही नोंद कधी मागत नाही. मागा. ऑफिसच्या लिफ्टचा आलेख काढला तर सकाळी एक डोंगर, दुपारी एक टेकडी, संध्याकाळी परत डोंगर, आणि रात्री आठनंतर सपाट मैदान. घरांचा आलेख उलट्या दिशेचा. सकाळी सगळे खाली, संध्याकाळी सगळे वर, मधल्या वेळात म्हातारी माणसं आणि सामान पोचवणारी पोरं. इमारत खरोखर मिश्र आहे की नाही, हे बाहेरून किती प्रकारची काच लावलीय त्यावरून कळत नाही, ते घड्याळावरून कळतं. एकाच दारातून, एकाच फरशीवरून दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना वेगवेगळ्या कामांची माणसं गेली पाहिजेत. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलंय. रस्ता सुरक्षित राहतो तो पहाऱ्यामुळे नाही, तर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कारणांनी तिथे असणाऱ्या माणसांच्या नजरेमुळे. त्यांच्याकडे कंट्रोलरची नोंद नव्हती, खिडकी होती. तीही पुरली.

तुमच्या मिश्र इमारतीत तीन आलेख तीन वेगळ्या भिंतींमागे असतात. त्यामुळे रात्री नऊ वाजता दुकानांची शटरं पडली की दुकानांची बाजू मरते, ऑफिसची बाजू तर सातलाच मेलेली असते, आणि घरांची बाजू गाडीने थेट तळघरात उतरते. वर साडेतीनशे कुटुंबं जागी आहेत, आणि खालचा फुटपाथ ओस.

बस थांब्यापासून त्या इमारतीच्या मागच्या दारापर्यंत मला एकशेचाळीस पावलं चालावं लागतं. मोजलीत. उजव्या हाताला गाड्यांच्या मजल्यांची भिंत आहे. पहिल्या वीस पावलांत ट्रान्सफॉर्मरच्या खोलीचं लोखंडी दार, कवटीच्या चित्राचं. मग एक जाळी, तिच्यातून तळघरातली गरम हवा नेमकी चालणाऱ्याच्या छातीवर येते. मग सपाट भिंत. मग दुसरी जाळी. मग जनरेटरचं धुरांडं, त्याच्या आसपास भिंत काळी पडलेली. मग गाड्यांचा उतार, तिथे थांबून डावी-उजवी बघावं लागतं, कारण वर येणाऱ्याला चालणारा दिसत नाही. मग कचऱ्याच्या खोलीचं शटर. मग माझं दार. एकशेचाळीस पावलांत एक खिडकी नाही, एक पायरी नाही, टेकायला एक कट्टा नाही. पावसात उभं राहायला वीतभर छज्जा नाही. समोरच्या बाजूला मात्र दगडी कारंजं आहे. तुमच्या चित्रात नेहमी ती बाजू असते.

हे सगळं कुठेतरी ठेवावंच लागतं, हे मला मान्य आहे. पंप, टाक्या, ट्रान्सफॉर्मर, अग्निशमनाची गाडी वळायची जागा, माल उतरवायचा धक्का. टाकी दर दहा मीटर उंच गेली की खालच्या नळांवर पाण्याचा दाब साधारण एका बारने, म्हणजे हवेच्या दाबाएवढा, वाढतो, म्हणून मधल्या मजल्यांवरही टाक्या लागतात. उंचीला पोट मोठंच लागतं. पण ते पोट रस्त्याच्या बाजूनेच का सुटावं? यंत्रं आतल्या बाजूला घ्या, आणि भिंतीच्या कडेला चार-पाच मीटर खोलीची छोटी दुकानं द्या. किल्ल्या करणारा, चपला शिवणारा, झेरॉक्सवाला. प्रत्येकाचं दार थेट फुटपाथवर. नव्या इमारतीत एवढ्या लहान गाळ्यांचं गणित बसत नाही असं विकासक म्हणतात, आणि एका अर्थी खरं आहे. नव्या बांधकामाचा खर्च भागवायला मोठा गाळा आणि मोठं नाव लागतं. म्हणूनच जेकब्जबाई म्हणत की रस्त्यावर जुन्या, स्वस्त इमारतीही शिल्लक राहू द्या, लहान धंदे तिथेच तगतात. पण तुम्ही चटईक्षेत्राची सवलत, म्हणजे जास्त बांधायची मुभा, देताच की. हरित छपराला देता, वाहनतळाला देता. या चार मीटरांच्या पट्ट्याला द्या.

सवलतीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने विकासकांशी सौदा केला की तळाशी लोकांसाठी मोकळी जागा सोडा, बदल्यात वर जास्त मजले घ्या. मजले मिळाले. २००० साली अशा पाचशेहून अधिक जागांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ४१ टक्के जागा लोकांना जेमतेम उपयोगाच्या निघाल्या. कुठे बसायला काही नाही, कुठे कुंपण, कुठे पहारेकरी. मजले कायमचे असतात, चौकातला बाक एका रात्रीत उचलता येतो. लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटवरच्या इमारतीत 'सार्वजनिक बाग' आहे म्हणून बोलबाला झाला. आहे खरी, अगदी वरच्या मजल्यांवर, आधी नाव नोंदवून आणि तपासणी करून घेऊन जाण्यासारखी. त्याच इमारतीच्या खोलगट काचेने २०१३ च्या उन्हाळ्यात सूर्य असा एकवटला की खाली रस्त्यावर उभ्या गाडीचे भाग वितळले. वर बाग, खाली भट्टी! मग काचेवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

वाऱ्याचंही तेच. उंच, सपाट भिंतीवर आदळलेला वारा खाली उतरतो आणि कोपऱ्यावरून सुसाट निघतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस या उंच इमारतीपाशी २०११ मध्ये अशा वाऱ्याने लॉरी उलटली आणि पायी जाणारा एक माणूस गेला. पुढे तिथे वारा अडवायला पडदे उभारले. पडदे आधी का सुचू नयेत? लहान नमुना करून वाऱ्याच्या बोगद्यात तपासता येतो, आणि तुम्ही तो तपासताही. पण इमारत डुलते का ते बघायला. फुटपाथवरची छत्री टिकते का हे फारसं कोणी विचारत नाही.

आता माझ्या घरचा विषय. लिफ्ट.

उंच इमारतीत किती लिफ्ट लागतील याचा हिशोब असतो. ऑफिसमध्ये सकाळच्या गर्दीच्या पाच मिनिटांत एकूण माणसांपैकी साधारण १२ ते १५ टक्के माणसं हलवता आली पाहिजेत, घरांच्या इमारतीत ५ ते ७ टक्के धरतात. फरक दुपटीचा आहे. मी सांगतोय त्या इमारतीत चार मजले 'घरं' म्हणून मोजले होते. अलीकडे ते ऑफिसांना गेले. वापर बदलल्याचा अर्ज आला असेल, शिक्काही पडला असेल, लिफ्टचा हिशोब मात्र कोणी परत केला नाही. आता सकाळी पावणेनऊला घरांच्या लॉबीत दप्तरवाली पोरं, लॅपटॉपवाली माणसं आणि खोकी घेतलेली पोरं त्याच दोन लिफ्टसमोर उभी असतात आणि सगळ्यांच्या शिव्या मला. लोकांना वाटतं लिफ्ट हळू झालीय. लिफ्ट तेवढ्याच वेगाने चालते आहे, खाली रांग वाढली.

त्याच इमारतीतली एक रात्र सांगतो. दोनचा सुमार. तेविसाव्या मजल्यावरच्या एका काकांच्या छातीत दुखू लागलं. घरांच्या दोन लिफ्टपैकी एक सुट्या भागासाठी बंद, मीच बंद केलेली, म्हणून मी तिथे होतो. दुसरीची केबिन उथळ. स्ट्रेचर आडवं शिरेना, तिरकं शिरेना. स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट इमारतीत आहे. ती भिंतीपलीकडे, ऑफिसच्या बाजूला, हातभर जाडीच्या काँक्रीटच्या त्या अंगाला. रात्री तिला कुलूप, आणि किल्ली ऑफिसच्या व्यवस्थापनाकडे. शेवटी काकांना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं, ओढणीने बांधलं आणि उभ्या-उभ्या आणलं. केबिनमध्ये मी त्यांचं डोकं धरून उभा होतो. मजल्यांचे आकडे इतके सावकाश उतरताना मी कधी पाहिले नव्हते. काका वाचले. ती हातभर जाडीची भिंत मंजूर नकाशात आहे. तिच्यावर सही आहे.

दुसरी एक भीती. ग्रेनफेल टॉवर या राहत्या इमारतीची आग, लंडन, जून २०१७. चोवीस मजले, एकच जिना, ७२ माणसं गेली. बाहेरच्या पेटत्या आवरणाबद्दल सगळ्यांनी वाचलंय. आमच्या लोकांनी चौकशीतली दुसरी ओळ वाचली. अग्निशमनाच्या जवानांनी लिफ्ट ताब्यात घेण्यासाठीचा स्विच फिरवला आणि लिफ्ट ताब्यात आलीच नाही. तो स्विच लॉबीत असतो, छोटा, कोणाच्या लक्षात न येणारा. मी देखभालीला जातो तिथे तो दर महिन्याला फिरवून बघतो. पण हे माझ्या मर्जीवर का असावं? भोगवटा प्रमाणपत्र द्यायच्या आधी, दिवसाढवळ्या, अग्निशमनाच्या माणसाच्याच हाताने तो फिरवून घ्या, आणि पुढे दर वर्षी.

लिफ्टवर पैसे वाचवून माणसं जवळ आणायची कल्पनाही होऊन गेलीय. अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये प्रुइट-आयगो नावाची वसाहत १९५० च्या दशकात झाली. अकरा-अकरा मजल्यांच्या ३३ इमारती. लिफ्ट पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबायची. थांब्याच्या मजल्यांवर लांब सज्जे होते, तिथे शेजारीपाजारी भेटतील, पोरं खेळतील असा विचार. चित्रात ते सज्जे फार सुंदर दिसत. प्रत्यक्षात तिथून एकट्याने जायला माणसं घाबरू लागली. १९७२ पासून इमारती पाडायला सुरुवात झाली. सगळं पाप लिफ्टचं नव्हतं, मोठं पाप हिशोबाचं होतं. देखभाल भाड्यातून भागेल असं धरलं होतं, भाडेकरू कमी होत गेले, देखभाल थांबली, मग उरलेलेही निघाले. सिंगापूरनेही आधी ठरावीक मजल्यांवरच थांबणाऱ्या लिफ्ट बसवल्या होत्या. पण त्यांनी २००१ पासून जुन्या इमारतींत प्रत्येक मजल्यावर थांबा देण्याचं काम हाती घेतलं, कारण रहिवासी म्हातारे होत होते. आणि सिंगापूरच्याच सरकारी इमारतींचा तळमजला बघा. कित्येक इमारतींत तो नुसता मोकळा सोडलेला असतो, खांब आणि सावली. तिथे लग्नं होतात, मयताला माणसं जमतात, म्हातारे बुद्धिबळ खेळतात. त्याचं भाडं येत नाही. मला वाटतं, वरचे मजले धड राहिले त्यात या रिकाम्या मजल्याचा वाटा आहे. हे मी सिद्ध नाही करू शकत.

शिकागोतली जॉन हॅनकॉक इमारत (हे नाव २०१८ पर्यंत होतं), १९६९ ची, शंभर मजली. तुमच्या मिश्र वापराची थोरली बहीणच ती. खाली दुकानं, मग गाड्या, मग ऑफिसं, वर घरं. तिचा सांगाडा फझलूर खान यांनी रचला. तिथल्या रहिवाशांना खालून थेट घरी जाता येत नाही. जलद लिफ्ट चव्वेचाळिसाव्या मजल्यावर सोडते, तिथे उतरून दुसरी लिफ्ट धरायची. आमच्या भाषेत हा जागा वाचवायचा उपाय, नाहीतर लिफ्टचे शाफ्टच, म्हणजे तिच्या उभ्या विहिरीच, अर्धा मजला खाऊन टाकतात. पण त्या मजल्यावर पोहण्याचा तलाव आणि किराणा दुकान ठेवलं, आणि सक्तीने लिफ्ट बदलायची जागा भेटायची जागा झाली. माणसं एकत्र येतात ती वाट एकमेकांना छेदते तिथे. तुम्ही मात्र लॉबीच्या वाटा एकमेकांना छेदू नयेत म्हणून खर्च करता. न्यूयॉर्कमध्ये तर स्वस्त घरांच्या रहिवाशांना वेगळं दार ठेवण्यापर्यंत मजल गेली, 'गरिबांचं दार' असं नावच पडलं त्याला. करसवलत घेणाऱ्या इमारतींना ते २०१५ मध्ये बंद करावं लागलं. दार बंद होतं, पण वेगळी लिफ्ट दाखवून तेच साधता येतं. मी अशा लिफ्ट पाहिल्या आहेत. एकीत आरसा आणि लाकूड, दुसरीत उघडा पत्रा. मोटर दोन्हींना तीच.

मला सगळ्यात जास्त कुठली इमारत शिकवून गेली असेल, तर ती काराकासची. व्हेनेझुएलातली टोरे दे डेव्हिड. पंचेचाळीस मजल्यांची, बँकेची व्हायची होती, १९९० च्या दशकात काम मध्येच थांबलं. २००७ पासून बेघर माणसं शिरली आणि अठ्ठाविसाव्या मजल्यापर्यंत राहू लागली. लिफ्ट नाहीत. गाड्यांच्या उतारावरून दहाव्या मजल्यापर्यंत मोटरसायकलवाले माणसं सोडायचे, पुढे पायी. आणि ह्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत मजल्या-मजल्यावर दुकानं निघाली, न्हावी बसला, दाताचा वैद्यसुद्धा. कोणी नकाशा काढला नव्हता. वीस मजले उतरून साबण आणायचा नसेल, तर साबण विकणारा विसाव्या मजल्यावरच बसतो, इतकं साधं. मी तिथल्या जगण्याचे गोडवे गात नाही, कठड्याविना उघडे मजले होते आणि लोक पडून मेले. २०१४ मध्ये सरकारने माणसं हलवायला सुरुवात केली. पण मिश्र वापर म्हणजे काय हे मला त्या इमारतीने सांगितलं. माणसाची वाट आणि त्याची गरज जिथे गाठ घेतात तिथे दुकान उघडतं. तुमच्या इमारतीत ती गाठ मारायची जागा तळमजला आहे, आणि तिथे तुम्ही गाड्यांचा उतार काढलाय.

उंचीचा प्रश्न तंत्राने सुटत चाललाय. पोलादी दोर एका दमात साधारण ५०० मीटरच नेतो, पुढे तो स्वतःच्याच वजनाने हरतो. २०१३ मध्ये एका फिनिश कंपनीने कार्बन तंतूचा दोर आणला, तो १००० मीटरपर्यंत चालेल असं तिचं म्हणणं. तेव्हा वर जायची काळजी सोडा. पंचवीस वर्षांनी काय, ते विचारा. लिफ्टचं आयुष्य साधारण तेवढंच. दोर त्याआधी बदलावे लागतात, कंट्रोलर कालबाह्य होतात, भाग मिळेनासे होतात. मिश्र इमारतीच्या बैठकीत तेव्हा काय होतं ते मी ऐकलंय. खालचे दुकानदार म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही का भरू? वरचे म्हणतात, तुमच्या दर्शनी काचा पुसायचा झुला आमच्या गच्चीवरून सुटतो, मग आम्हीही विचारू. ऑफिसवाल्यांचा मालक भलत्याच शहरात असतो, त्याचा प्रतिनिधी नुसती टिपणं काढतो. बैठक उठते. लिफ्ट तशीच. इमारत म्हातारी झाली की पहिल्यांदा वरचे मजले पांगळे होतात.

म्हणून माझी मागणी आहे की उंचीची मंजुरी मागणाऱ्याने लिफ्ट बदलायचा निधी कुठून येणार, दुकानं, ऑफिसं आणि घरं त्यात किती-किती भरणार, हे लेखी द्यावं, आणि ते घर घेणाऱ्याच्या करारात यावं. मजल्यांचा वापर बदलला की लिफ्टचा हिशोब पुन्हा. स्ट्रेचरची लिफ्ट कोणत्याही गटाची असो, रात्री-बेरात्री सगळ्यांना उघडी. आणि तळमजल्याचा नकाशा सगळ्यात मोठ्या कागदावर, सगळ्यात आधी, चारही बाजूंनी. कुठे दार, कुठे खिडकी, कुठे जाळी, हवा कुठल्या बाजूला फेकणार, चालणाऱ्याला सावली कुठे. तो बघून समाधान झालं तरच वरचे मजले मोजायला घ्या.

एवढं लिहूनही तुम्हाला हे एका मेकॅनिकचं रडगाणं वाटू शकतं. तर एक करा. कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला या. आधी एकशेचाळीस पावलं माझ्याबरोबर चाला, मग पावणेनऊला लॉबीत पंधरा मिनिटं उभे राहा, कोणाला ओळख सांगू नका. त्यानंतर मी लिफ्ट थांबवून तुम्हाला पिटमध्ये उतरवतो. बूट रबरी तळाचे घाला, खाली तेल असतं. दुधाचा दात मी जपून ठेवलाय. लॉबीत चिठ्ठी लावली होती, पण ती दुसऱ्याच दिवशी काढून टाकली, भिंतीवर काही चिकटवायला परवानगी नाही म्हणे. त्या लॉबीत फलक लावायची जागा तुमच्या नकाशात कुठे दाखवली असेल, तर तेवढी येताना सांगा.

आपला,
एक लिफ्ट मेकॅनिक